भिंगरी, उजवी

९ मे

भिंगरे,

फोनवर माझं नाव दिसलं की तू फोन पालथा घालतेस, असं आईकडून कळलं. म्हणून पत्र लिहिते आहे, आणि तेही पाठपोट. पालथं घातलंस तरी मागची बाजू वाचावीच लागेल.

तीन वर्षं झाली. आधी तो विषय उरकते, कारण तो टाळून लिहिलं तर तू म्हणशील, ताई नेहमीसारखी गोड बोलून निघून गेली. तुझा गुडघा सुजला होता, तू न्हाणीघरात दार लावून बर्फ धरून बसायचीस, आणि ते मी आपल्या क्लबच्या डॉक्टरांना सांगितलं. तुला अंतिम सामन्यातून वगळलं. तो सामना आपण हरलो. पुढच्या हंगामाला क्लबनं तुझा करार केला नाही, तू दुसऱ्या क्लबात गेलीस आणि मला घरभेदी म्हणून मोकळी झालीस. मी आजही म्हणते, मी बरोबर केलं. आणखी एक सामना खेळली असतीस तर तेव्हाच पाय गेला असता. हे तुला पटणार नाही, आणि पटवायला मी पत्र लिहीत नाहीये.

रविवारी तुझा क्लब आणि माझा क्लब अंतिम सामन्यात समोरासमोर येताहेत. हा तुझा शेवटचा हंगाम, हेही ऐकलं. तीन अंतिम सामने खेळलीस आणि तिन्ही हरलीस. मी गोलकीपर म्हणून बारा वर्षं उभी राहिले आणि माझ्याही हाताला कधी चषक लागला नाही. एकाच आईच्या दोघी मुली, दोघींचं नशीब एकाच मापाचं. आता एक जण तरी जिंकणार, एवढं नक्की झालं.

आई मैदानावर येणार नाही. दोन्ही क्लबांनी पास पाठवले होते, ते तिनं शिंप्याच्या दुकानातच मशिनच्या खणात ठेवून दिलेत. मी फार आग्रह केला तेव्हा म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ. मी कुणाच्या बाजूला बसू?" मग परत काज-बटणाला लागली.

आता मुद्द्याचं. इथं आमच्याकडे तुमच्या सगळ्या मुलींच्या चित्रफिती बघणं चाललंय. कोण कुठं पळते, कोण कुठल्या पायानं मारते, सगळं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्य प्रशिक्षक, उद्या-परवा मला तुझ्याबद्दल विचारणार, हे दिसतंच आहे. मी तुला लिहून देते, मी तोंड उघडणार नाही. शिडीला, म्हणजे आमच्या उंच गोलकीपरला, मी तिचं काम शिकवीन. तुझं काही शिकवणार नाही. एकदा बोलले त्याचं फळ तीन वर्षं खाते आहे.

तू मनासारखी खेळ. गुडघा घट्ट बांध, पण इतकाही घट्ट नको की पोटरीला मुंग्या येतील. तुला ती सवय आहे.

तुझी ताई


१३ मे

भिंगरे,

काल सामना संपल्यावर मी तुझ्याकडे यायला निघाले होते. मधे फोटोवाले आले, कुणीतरी गळ्यात पदक घातलं, आणि वर पाहिलं तर तू आत गेलेली होतीस. तुमच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आतून कुणाचा आवाज येत नव्हता, आणि हरलेल्या संघाच्या दारावर गळ्यात पदक घालून टकटक करणं मला बरं दिसलं नाही.

तू छान खेळलीस, हे सांत्वन म्हणून लिहीत नाहीये. पहिल्या अर्ध्यात आमच्या दोघी बचावपटूंना तू जो चकवा दिलास, त्यानं शेजारी बसलेल्या मोठ्या बाईंच्या तोंडून शिवी निघाली. त्या कधी शिवी देत नाहीत. एक-एक बरोबरी झाली ती तुझ्याच पासवर. जादा वेळेत तू लंगडत होतीस, आणि मैदानावर ते बहुतेक मलाच कळत होतं.

पेनल्टीचं काय, ते नशीब असतं. पाचवी तुझ्याकडे आली. घातली असतीस तर बरोबरी होऊन पुढं चाललं असतं. शिडीनं झेप घेतली, तिच्या बोटांना लागला बॉल. ती उंचच एवढी आहे की तिनं नुसता हात लांब केला तरी अर्धा गोल झाकला जातो. ती कुठल्याही बाजूला पडली असती, ती त्याच बाजूला पडली. असं होतं. तू स्वतःला दोष देऊ नकोस.

मधे मी तुला एक पत्र टाकलं होतं. टपालाचा कारभार बघता ते वेळेत मिळालं नसणार. आता मिळालं तर वाचत बसू नको, फाडून टाक. त्यात काही विशेष नव्हतं.

आईला निकाल दुकानात आलेल्या एका गिऱ्हाइकानं सांगितला. मी फोन केला तर तिनं आधी विचारलं, भिंगरी रडली का. मी म्हटलं, लांबून दिसलं नाही. मग तिनं माझं अभिनंदन केलं, पण ते उरकून टाकल्यासारखं वाटलं.

जेवत जा. बर्फ लाव.

ताई


१९ मे

भिंगरे,

तो फोटो तू पाहिला असणार. सगळ्यांनीच पाहिलाय. पेपरात अर्ध्या पानावर आहे, आणि क्लबच्या दारातही मोठा करून लावलाय. शिडी गुडघ्यावर बसलेली, तोंड उघडं, आणि छातीशी पाण्याची बाटली धरलेली. बाटलीवर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर पाच ओळी. भिंगाशिवाय वाचता येतात.

गोलकीपरच्या बाटलीवर समोरच्या संघाचा कोण कुठं मारतं ते लिहायची पद्धत सगळीकडे आहे, तुमच्याकडेही आहे. चित्रफिती बघून ती यादी करतात, आणि अक्षर माझं असतं कारण ते माझं कामच आहे. वरच्या चार ओळींत नुसते जर्सीचे आकडे आहेत. सात डावी, चार मध्ये, असे. पाचव्या ओळीत आकडा नाही. तिथं "भिंगरी उजवी" असं लिहिलंय.

इथं सगळे हसताहेत. त्यांना वाटतं, भिंगरी हे आम्ही तुला ठेवलेलं नाव, तू गरगर फिरतेस म्हणून. शिडीनं त्या वेळी मला विचारलंही होतं, भिंगरी कोण? मी म्हटलं, दहा नंबर. पाच मिनिटांत पाच नावं लिहायची, पेन गळत होतं. दहा लिहायला गेले आणि हातानं आपल्या मनानं लिहिलं.

आता नीट ऐक. मी उजवी लिहिलं ते मारणाऱ्याच्या बाजूनं. तुझी उजवी. म्हणजे शिडी उलट्या बाजूला पडावी, असा माझा विचार होता. मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा काहीतरी सांगणं भाग होतं, गप्प बसले असते तर त्यांना संशय आला असता. म्हणून मी असं लिहिलं की सांगितल्यासारखंही व्हावं आणि तुझं नुकसानही होऊ नये. शिडीनं ते स्वतःची उजवी म्हणून वाचलं. यात माझी चूक एवढीच की मी तिला समजावून सांगितलं नाही.

हे तुला खरं वाटेल अशी आशा आहे.

ताई


२७ मे

भिंगरे,

मागच्या पत्रातलं उजव्या-डाव्याचं सगळं खोटं होतं.

मी अकरा वर्षं गोलकीपर शिकवते आहे. गोलकीपरच्या बाटलीवर गोलकीपरचीच उजवी असते, हे लहान पोरीलाही माहीत असतं. तूही हसली असशील. किंवा हसली नसशील.

झालं ते असं. जादा वेळ संपला. सगळ्या मुली मैदानावर पसरलेल्या, कुणी पाय चोळून घेतंय, कुणी पाणी पितंय. मी शिडीला सरावाचे चार फटके देऊन आले होते, हातमोजे हातातच होते. मोठ्या बाई यादी घेऊन आल्या. चौघींपुढं बाजू लिहिलेली होती, दहा नंबरपुढं कोरं होतं. तू सामन्यात कधी पेनल्टी मारलीच नाहीस. आपल्या जुन्या क्लबात ती कॅप्टनची मक्तेदारी होती आणि नव्या क्लबात तुझा गुडघा आड आला. चित्रफितीत काही नव्हतंच. बाई म्हणाल्या, "हिचं कुणालाच माहीत नाही. तुला माहीत असेल, तर सांग. नसेल, तर नाही म्हण, मी पुन्हा विचारणार नाही."

नाही म्हणता आलं असतं. बाईंनी दार उघडं ठेवलं होतं, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. कुणी माझ्या नोकरीवर बोट ठेवलं नव्हतं, कुणी धमकी दिली नव्हती. मी त्या बाकापाशी उभी होते, चषक टेबलावर ठेवलेला दिसत होता, आणि मला तो हवा होता. अडतीस वर्षांची झाले, भिंगरे. बारा वर्षं त्या जाळ्यापुढं उभी राहून मी नुसते गोल मोजले. मला एकदा, एकदाच, जिंकलेल्या बाजूला उभं राहायचं होतं. पेन मीच मागून घेतलं.

गुडघ्याचं सांगितलं ते तुझ्या भल्यासाठी. त्याबद्दल तू बोलणं टाकलंस आणि मी तीन वर्षं मनात तुला मूर्ख म्हणत राहिले. हे मात्र मी माझ्या भल्यासाठी सांगितलं.

आणि नुसती बाजू नव्हती ती. ते मी लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. तू नऊ वर्षांची होतीस आणि मी पंधरा. सुट्टीच्या दिवशी शिंप्याच्या दुकानाचं शटर म्हणजे आपला गोल. तुझा एक फटका माझ्या डाव्या कोपऱ्यात आला, मी झेपावले आणि पायरीच्या कडेवर खांद्यावर पडले. खांदा निखळला. तू दुकानाच्या बाकड्याखाली जाऊन बसलीस, आईनं ओढून बाहेर काढली. महिनाभर बॉलला पाय लावला नाहीस. लावलास त्यानंतर माझ्या डाव्या बाजूला एकही फटका आला नाही. मी चिडवायची, अगं, तिकडं सगळं रिकामं आहे, आंधळी आहेस का, तिकडं मार. तू म्हणालीस, "तिकडं नाही. तिकडं तुझा खांदा आहे."

पुढं माझा खांदा बरा झाला, आपण मोठ्या झालो, एका क्लबात खेळलो. सरावात तू मला हजारो फटके मारले असशील. तू ताजीतवानी असलीस तर बॉल कुठंही जायचा. दमलेली, घाबरलेली असलीस की माझ्या उजव्या हातावर. मी ते कधी कुणाला बोलले नव्हते, तुलाही नाही. तुला तरी ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

लोक त्याला खोड म्हणतील. नऊ वर्षांच्या पोरीनं बहिणीसाठी घेतलेली ती काळजी होती, आणि मी ती एका बाटलीवर दोन शब्दांत लिहून टाकली. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ना, ते असंच असावं.

मला पदक दिलं तेव्हा मी हसले होते. फोटो आहे. त्या हसण्यात काही खोट नव्हती, हे जास्त वाईट आहे. साधारण एक मिनिट मला फार आनंद झाला, आणि मग तू दिसलीस. पेनल्टीच्या खुणेपाशी तशीच उभी होतीस, आणि बॉल गेला त्या कोपऱ्याकडे न बघता आमच्या बाकाकडे बघत होतीस.

माफ कर, असं लिहायला हात धजत नाही. लिहिलं तर तू माफ करावंस असा त्याचा अर्थ होतो, आणि तो हक्क मला नाही. तरी वाटतं. रोज वाटतं.

ताई


३० जून

या पत्राला मायना नाही. का नाही, ते पुढं येईलच.

गेल्या आठवड्यात आई माझ्याकडे आली. न सांगता आली, डबा न घेता आली, तेव्हाच काहीतरी झालंय हे मी ओळखलं. चपलाही न काढता खुर्चीवर बसली. म्हणाली, गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणतात चालता येईल, जिने चढता येतील, खेळ मात्र संपला. मी म्हटलं, मला कुणी कळवलं नाही. ती म्हणाली, नको म्हणून सांगितलं होतं.

मग तिनं पत्रांचं सांगितलं. पहिलं पत्र तुला वेळेत मिळालं होतं. शुक्रवारी संध्याकाळीच. आणि तू ते पाठपोट वाचलं होतंस.

आई म्हणाली, दोन महिने तू सरावात दुसऱ्या कोपऱ्यात मारायची सवय लावून घेत होतीस. म्हणजे तुला तुझी खोड ठाऊक होती, आणि ती मला ठाऊक आहे हेही ठाऊक होतं. अंतिम सामन्यात माझी गाठ पडलीच तर, म्हणून तू कोपरा बदलत होतीस. मग माझं पत्र आलं, आणि तू तुमच्या प्रशिक्षकांना म्हणालीस, आता गरज नाही. हे आईनं तुझ्याच तोंडून ऐकलेलं सांगितलं. सांगताना माझ्याकडे पाहत नव्हती. पिशवीच्या बंदाशी खेळत होती.

मी विचारलं, माझ्याबद्दल आणखी काही म्हणाली का. मला शिव्या हव्या होत्या, खरं सांगते. शिव्या दिल्यास तर निदान काही शिल्लक आहे असं झालं असतं.

आई म्हणाली, "पेनल्टीचं मला काही नाही, म्हणते. हरले तर हरले. पण ते नाव आता कुणी घ्यायचं नाही. मीसुद्धा नाही."

माझ्या लक्षात यायला वेळ लागला. मग आईनं तुझं नाव घेतलं, शाळेच्या दाखल्यावरचं, आणि मधेच अडखळली. बत्तीस वर्षांत तिनं तुला त्या नावानं हाक मारली नव्हती. दुकानात बसून म्हणायचा सराव करते, म्हणाली. गिऱ्हाईक असलं की मनात, नसलं की मोठ्यानं. एवढं सांगून झाल्यावर ती रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवायला गेले तर तिनं अंग चोरलं नाही, पण टेकलीही नाही.

मग मंगळवारी मी त्या दवाखान्यात आले होते. तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून मीच सांगते. मी दुसऱ्या मजल्यावर त्या लांब बोळात पोचले तेव्हा तू व्यायाम करून परत चालली होतीस. माझ्याकडे पाठ होती. केस कापलेस तू. एका हाताखाली कुबडी, दुसरा हात भिंतीच्या दांड्यावर, आणि दर चार पावलांनी थांबत होतीस. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तुला पळताना पाहायची मला एवढी सवय की मला वाटलं, ही दुसरीच कुणी आहे.

आपल्यात फार तर वीस पावलं होती. पळायची गरज नव्हती. एक हाक मारली असती तर पुरलं असतं.

घरी मी तुला भिंगरी म्हणायची. मैदानावर घरचं नाव घ्यायचं नाही, असं तू बजावलं होतंस, म्हणून तिथं दहा. तिसरं मी काही म्हटलंच नाही कधी. दहा आता तू राहिली नाहीस. तुझं खरं नाव मी मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं. ओठांपर्यंत आलं आणि तिथं ते मला कुणा पाहुणीचं वाटलं. पहिलं नाव मात्र जिभेवर तयार होतं, नेहमीसारखं, आणि ते मी दातांखाली धरून ठेवलं. त्यावर तुझी बंदी आहे, आणि तुझी तेवढी एक गोष्ट तरी मला पाळायची होती.

तू दारापाशी थांबलीस, दम घेतलास. मग आत गेलीस.

तिथल्या नर्सबाई मघापासून माझ्याकडे बघत असाव्यात. जवळ येऊन म्हणाल्या, आत सोडते, दोन मिनिटं भेटून घ्या. मी नको म्हटलं. त्यांनी वहीत लिहायला म्हणून विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण?

मी म्हटलं, आम्ही पूर्वी एका क्लबात होतो.